एरंडाचे गुऱ्हाळ

प्रथम वर्षाच्या वर्गात वाक्प्रचार शिकवताना 'एरंडाचे गुऱ्हाळ' मी दरवर्षी मुद्दाम घेतो. एक तर त्यात गुऱ्हाळ आहे, आणि नाशिक शहरात वाढलेल्या मुलांना गुऱ्हाळ म्हणजे रस्त्याकडेचा उसाच्या रसाचा गाडा एवढेच ठाऊक असते. दुसरे म्हणजे त्यात एरंड आहे, आणि तो तर त्यांच्यापैकी अनेकांनी पाहिलेलाच नसतो. मग मी चरक, काहील, चुलाण असे शब्द फळ्यावर लिहितो आणि सांगतो, की एरंडाचे खोडही पेरापेरांचे, लांबून थोडेसे उसासारखे दिसणारे. पण ते कितीही पिळले तरी त्याचा काही गूळ होत नाही. म्हणून लांबत जाणाऱ्या निष्फळ बोलण्याला हे नाव. मुले लिहून घेतात. मागे एकदा मात्र शेवटच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, पण असे गुऱ्हाळ कुणी खरेच घातले होते का?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळलो. वास्तविक तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर 'हो' असे होते. असे गुऱ्हाळ आमच्या घरात दोनदा घातले गेले. पहिले माझ्या वडिलांनी घातले, दुसरे धाकट्या भावाने. आणि दोन्ही वेळा चुलाणाला जाळ घालायला मी होतो. हे उत्तर वर्गात देण्यासारखे नव्हते. ते मनातून जातही नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

*

दिंडोरी तालुक्यात आमची थोडी जमीन आहे. चार एकर बागाईत, आणि टेकडीच्या उताराला दीड एकर मुरमाड, जिथे पावसाळ्यात कुसळी गवताशिवाय काही उगवत नाही. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. नानांना या दीड एकराचे फार वाईट वाटे. घरातल्या एखाद्या मंद मुलाविषयी बोलावे तसे ते त्या तुकड्याविषयी बोलत.

२००३ साली नियोजन आयोगाच्या एका समितीने अहवाल दिला, की देशातल्या पडीक जमिनींवर मोगली एरंड लावावा, त्याच्या बियांच्या तेलापासून बायोडिझेल करावे, आणि काही वर्षांत देशाच्या डिझेलमध्ये त्याचे वीस टक्के मिश्रण करावे. त्यासाठी एक कोटी हेक्टरांहून अधिक जमीन लागेल असा हिशेब होता. त्याआधीच, ३१ डिसेंबर २००२ रोजी, दिल्ली–अमृतसर शताब्दी गाडी पाच टक्के बायोडिझेल मिसळून धावली होती. ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्र सरकारने बायोडिझेलच्या खरेदीचे धोरण जाहीर केले आणि १ जानेवारी २००६ पासून लिटरला पंचवीस रुपये दर ठरवला. त्या दिवसांत शेतीविषयक पुरवण्या मोगली एरंडाने भरलेल्या असत. पाणी नको, खत नको, राखण नको, जनावर तोंड लावत नाही, आणि बियांतून मात्र तेल गळते! नानांनी ती कात्रणे कापून एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात ठेवली होती.

मी तेव्हा नुकताच महाविद्यालयात लागलो होतो. सुट्टीत घरी गेलो तेव्हा नानांनी ते पाकीट माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "वाच आणि सांग. तू शिकलेला आहेस."

मी वाचले. शेतकी पदवीधराने वाचावे तसे नव्हे. मराठीच्या माणसाने वाचावे तसे. कात्रणांची भाषा चांगली होती. 'पडीक जमिनीचे सोने', 'शेतात उगवणारे इंधन', 'हरित स्वातंत्र्य' अशी एकेक शब्दकळा होती. पंचवीस रुपये लिटर हा दर बायोडिझेल तयार करण्याच्या खर्चालाही पुरणारा नव्हता आणि त्यामुळे त्या दराने विकायला फारसे कुणी पुढे येणार नव्हते, हे त्या कात्रणांत कुठे नव्हते; आणि कात्रणात जे नाही ते विचारण्याची बुद्धी मला झाली नाही. मी म्हणालो, "नाना, लावायला हरकत नाही."

'मोगली' हे विशेषणच सांगत होते की हा एरंड इथला नव्हे. तो मूळचा मध्य अमेरिकेकडचा, पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर जगभर पसरलेला. आपल्याकडे तो कुंपणाला लावत, कारण गुरे त्याला शिवत नाहीत. कुंपणाचे झाड शेतात आणले की ते पीक होत नाही, एवढे साधे शहाणपण नानांनाही होते. पण कागदावरचा शब्द त्यांच्या शहाणपणापेक्षा मोठा ठरला, आणि त्या शब्दावर शिक्का मी मारला होता.

रोपे जगली. खत-पाणी न घालता झाड जगते हे खरेच होते; पण जगणे वेगळे आणि फळणे वेगळे, हे तिसऱ्या वर्षी कळले. शिवाय फळे एकदम पिकत नाहीत. एकाच घोसात एक काळे, एक पिवळे, एक हिरवे. म्हणजे तोडणी एकदा नव्हे, आठ-आठ दिवसांनी पुन्हा पुन्हा. दिवसभराच्या मजुरीत जेवढ्या बिया निघत त्यांना व्यापारी किलोला पाच रुपये देऊ लागला. पुढच्या वर्षी तो व्यापारीही आला नाही. नानांनी बियांची तीन पोती माळ्यावर ठेवली. भाव येईल, म्हणत.

मग एका दुपारी शेजारच्या वस्तीवरच्या चार पोरांनी त्या बिया शेंगदाण्यासारख्या फोडून खाल्ल्या. चव गोडसर असते म्हणतात. संध्याकाळपर्यंत पोरे ओकून ओकून अर्धी झाली. नानांनी स्वतः त्यांना जीपमध्ये घालून रुग्णालयात नेले, रात्रभर बाहेर बाकावर बसून राहिले. सकाळी पोरे सुधारली. नाना घरी आले, चहा न घेता कुऱ्हाड घेऊन टेकडीवर गेले आणि तीन दिवसांत दीड एकर साफ केले. मला फोनवर एवढेच म्हणाले, "एरंड काढला."

जिथे झाडच नाही त्या मुलखात एरंडालाही वृक्षाचा मान मिळतो, अशा अर्थाचे एक संस्कृत सुभाषित आहे. तो मान आमच्या मुरमाड तुकड्याने चार वर्षे दिला. 'तू सांगितलेस म्हणून' असे नाना कधीही म्हणाले नाहीत. २०१५ मध्ये ते गेले. टेकडीखालच्या बांधावर दोन करंज तेवढे उरले. ते त्यांनी लावले नव्हते, आजोबांच्याही आधीपासूनचे होते, आणि कोणत्याही कात्रणात नव्हते.

*

'डिझेल' हा शब्द मुळात विशेषनाम आहे, हे व्याकरणाच्या तासाला सांगितले की मुलांना गंमत वाटते. रुडॉल्फ डिझेल हा १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मलेला जर्मन अभियंता. ठिणगीवाचून, केवळ हवा दाबून तापवण्याच्या युक्तीवर चालणारे इंजिन त्याने ऑग्सबुर्ग येथे सिद्ध केले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या जातीचे एक छोटे इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवण्यात आले. फ्रेंच सरकारला आपल्या आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक असल्याने त्यात रस होता. इंजिनात काहीही बदल न करता ते इतके सुरळीत चालले, की फार थोड्यांच्या लक्षात आले, असे डिझेलने १९१२ साली लिहून ठेवले आहे. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री, इंग्लंडला जाणाऱ्या 'ड्रेसडेन' बोटीवरून तो नाहीसा झाला. अपघात की आत्महत्या, हे कोडे कायम आहे.

आपल्याकडे १० ऑगस्ट हा जागतिक जैवइंधन दिन म्हणून साजरा होतो, आणि त्या निमित्ताने निघणाऱ्या पत्रकांत १८९३ साली याच दिवशी डिझेलने शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवल्याचे सांगितले जाते. त्या दिवशी ऑग्सबुर्गला त्याच्या पहिल्या नमुना-इंजिनाची चाचणी झाली, एवढे खरे. शेंगदाण्याची हकीकत सात वर्षांनंतरच्या पॅरिसची. दोन घटना जुळून एक आख्यायिका कशी होते हे संतचरित्रे शिकवणाऱ्या माणसाला नवे नाही. पण संतचरित्रे वाचताना मी जी सावधगिरी बाळगतो ती इंधनाबद्दल वाचताना बाळगली नाही, हा या लेखाचा विषय आहे.

विज्ञान अवघड नाही. कोणत्याही खाद्य वा अखाद्य तेलाचा रेणू त्रिशूळासारखा असतो: ग्लिसरिनच्या दांड्याला मेदाम्लांची तीन पाती. या त्रिशूळामुळे तेल जाड असते, डिझेलच्या सुमारे दसपट जाड, आणि म्हणून आजच्या इंजिनांच्या केसासारख्या बारीक छिद्रांतून ते नीट फवारले जात नाही. तेलात मेथॅनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तापवले, की पाती दांड्यापासून सुटतात आणि मेथॅनॉलशी जोडली जातात. शंभर किलो तेल आणि दहा किलो मेथॅनॉल यांपासून साधारण शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलो ग्लिसरिन मिळते. ग्लिसरिन तळाशी बसते, वरचे धुऊन कोरडे करायचे. करंज, मोगली एरंड, मोहरी, पाम, किंवा वडे तळून काळे पडलेले तेल, कशाचेही हे होते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. उडुपी श्रीनिवास यांनी तर खेड्यांत करंजाच्या तेलावर जनित्रे चालवून दाखवली होती. म्हणजे वस्तू खरी आहे. लबाडी वस्तूत नव्हती.

आजोबा सांगत, की दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मोजून मिळू लागले तेव्हा मोटारींच्या पाठीवर लोखंडी भट्ट्या बसवल्या होत्या आणि कोळशाच्या वायूवर गाड्या धावत. चढ आला की उतारू खाली उतरून ढकलत. टंचाई आली की माणूस काहीही जाळून पाहतो. आमच्यावर ती २०२१ साली आली.

*

त्या वर्षीच्या ऑगस्टात टोमॅटोला भाव नव्हता. किलोला दोन-तीन रुपये मिळत म्हणून नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले. भावानेही दोन खेपा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून परत येताना वाटेत गुरांपुढे टाकल्या. ऑक्टोबरात माल कमी झाला, भाव चढू लागला, आणि नेमका तेव्हाच डिझेलचा भाव त्याच्यापुढे धावू लागला. त्या महिन्यात मुंबईत डिझेलने लिटरमागे शंभरी ओलांडली. भावाकडे एक जुनी पिकअप आहे. मोठा भाव धरायचा तर माल वाशीच्या बाजारात न्यावा लागतो. गावापासून जाऊन-येऊन तीनशे ऐंशी किलोमीटर, म्हणजे बत्तीस लिटर डिझेल.

एका सकाळी माझ्या पहिल्या तासाआधी त्याचा फोन आला. "दादा, महामार्गाला एका ठिकाणी बायोडिझेल मिळतंय. बावीस रुपयांनी स्वस्त. गाडीला चालतं म्हणतात. टाकू का?"

फेरीमागे सातशे रुपये. हिशेब त्याने केलेलाच होता. त्याला हवी होती ती संमती. खरे तर आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे सर माझ्यापासून चार खोल्यांवर बसतात. त्यांना विचारायला पाच मिनिटे पुरली असती. ते न करता मी भावाला विचारले, "पाटीवर काय लिहिलंय?"

तो म्हणाला, "जैविक इंधन. पर्यावरणस्नेही."

आणि मला शब्दाचा मोह झाला. संस्कृतात 'स्नेह' म्हणजे तेल आणि 'स्नेह' म्हणजे प्रेम. निरांजनात जळतो तोही स्नेह आणि नात्यात मुरतो तोही. पर्यावरणस्नेही इंधन! पाटी रंगवणाऱ्याला नकळत केवढा श्लेष साधला होता. मी भावाला फोनवरच ती गंमत समजावून सांगितली. तो म्हणाला, "ते असू दे. टाकू का?" मी म्हणालो, "टाक. चांगली गोष्ट आहे."

सत्तर क्रेट भरून तो दोन दिवसांनी संध्याकाळी वाशीला निघाला. रात्री साडेअकराला फोन आला. घोटीच्या पुढे गाडी ओढेनाशी झाली, दोनदा बंद पडून सुरू झाली, आणि इगतपुरी ओलांडून घाट लागायच्या आत कायमची थांबली. मी एका मित्राची गाडी मागून घेतली आणि पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. धुके होते आणि अवकाळीची भुरभुर. भाऊ क्रेटांवर ताडपत्री ओढून तिच्या कडेला बसला होता. कारागीर सकाळशिवाय येणार नव्हता, दुसरी गाडी सकाळशिवाय मिळणार नव्हती, आणि वाशीचा बाजार सकाळी भरून उठणार होता. आम्ही ताडपत्रीच्या कडेला शेजारी शेजारी बसलो. ट्रक घाट उतरत होते, त्यांचा उजेड येई आणि जाई.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "दादा, नानांना एरंड लाव म्हणून तूच सांगितलं होतंस ना?"

त्यात आरोप नव्हता. खरोखरच त्याला आठवत नव्हते. तो तेव्हा शाळेत होता. मी 'हो' म्हणालो. त्याने मान हलवली आणि खिशातून तंबाखू काढला. आरोप असता तर त्याला उत्तर देता आले असते.

*

कारागिराने टाकीतले इंधन काचेच्या बाटलीत काढून माझ्या नाकाशी धरले. "वास घ्या, सर. तेलाचा येतो का?" वास रंगाच्या दुकानात येतो तसा होता. गाळणी काळ्या राळेने बुजली होती, इंजेक्टर गेले होते, पंपही उघडावा लागला. अठ्ठेचाळीस हजार रुपये. माल दुसऱ्या गाडीतून दुपारी वाशीला पोचला आणि उरलासुरला म्हणून विकला गेला. आम्ही त्या महामार्गावरच्या जागी गेलो तेव्हा शेडला कुलूप होते. पावती नव्हतीच. त्या काळात महाराष्ट्रात आणि गुजरातेत बायोडिझेलच्या नावाखाली कारखान्यांत वापरायची तेले विकणाऱ्यांवर छापे पडत होते. ते मी वर्तमानपत्रात वाचलेही होते, फक्त पान उलटले होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ऐन दिवाळीत, केंद्राने डिझेलवरचे उत्पादनशुल्क दहा रुपयांनी उतरवले. आम्हाला तोवर उशीर झाला होता.

त्यानंतर मी जे केले त्याला प्रायश्चित्त म्हणावे की हट्ट, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मी खरे बायोडिझेल शोधायला निघालो. आधी चार खोल्या ओलांडून रसायनशास्त्राच्या सरांकडे गेलो. ते म्हणाले, "नावावर जाऊ नका. त्याला भारतीय मानक आहे, आय. एस. १५६०७. तपासणीचा कागद मागा. डिझेलची वाफ पस्तीस अंशांपुढे कधीही ठिणगीने पेट घेऊ शकते. खऱ्या बायोडिझेलला शंभराच्या वर जावे लागते. आणि खरे असले तरी जुन्या टाकीत एकदम भरू नका. ते टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवते आणि गाळणी बुजवते. रबरी नळ्याही खाते." हे सगळे त्यांनी चहाचा कप संपायच्या आत सांगितले. एवढेच मला दोन महिन्यांपूर्वी हवे होते.

कागद मागत मी सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत हिंडलो. एकाने सांगितले, टँकर घेत असाल तर बोला. दुसरा म्हणाला, आमचा माल तेल कंपन्या घेतात, त्या डिझेलमध्ये मिसळतात, तुमच्यासाठी कॅन भरत बसायला माणूस नाही. केंद्राने ३० एप्रिल २०१९ रोजी डिझेलमध्ये मिसळण्यासाठी बायोडिझेल विकण्याचे नियम घालून दिले आहेत. त्याला परवाने लागतात. परवानाधारक किरकोळ विक्री करणारा आमच्या वाटेवर मला सापडला नाही. मग मी उलट्या टोकाने, कढईपासून सुरुवात केली. नाशिकच्या चिवड्याची आणि फरसाणाची कीर्ती मोठी. तेव्हा तळून उरलेले तेल तर मिळेल? १ जुलै २०१८ पासून नियम असा आहे, की तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक पंचवीस टक्क्यांवर गेले की ते तेल अन्नाला वापरायचे नाही. आणि त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची योजनाही सुरू केली. एका फरसाणवाल्याने मला प्रामाणिकपणे सांगितले, की त्याचे तेल महिन्याला एक कंत्राटदार उचलतो. दुसऱ्याने, "उरतच नाही हो, सर," असे सांगितले. न उरणारे ते तेल कुठे जाते, हे त्याला विचारायचे धैर्य मला झाले नाही. मीही वडापाव खातो.

या भटकंतीत जी गोष्ट कळली ती फार साधी होती. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले. २०१८ च्या धोरणाने ते २०३० पर्यंत पाच टक्क्यांवर आणले. आणि प्रत्यक्ष मिश्रण एक टक्क्याच्याही आत राहिले. कारण तंत्रात नव्हते. तेलच नव्हते. आपण खायचे तेल परदेशातून आणणारा देश. जाळायला कुठून आणणार? वामनपंडितांच्या प्रसिद्ध श्लोकात वाळू रगडून तेल काढण्याची गोष्ट येते, ती मी वीस वर्षे प्रयत्नवादाचे उदाहरण म्हणून शिकवत आलो. मूळ भर्तृहरीचा रोख वेगळा आहे. एक वेळ तेही साधेल, पण मूर्खाचे मन वळवता येणार नाही, असे तो म्हणतो. श्लोकाचा तो शेवट वर्गात मी नेहमी घाईने उरकत असे.

*

२०२२ च्या वसंतात बांधावरचे दोन्ही करंज शेंगांनी लगडले. आजी असताना त्या तेलाचा दिवा गोठ्यात लागे आणि बैलाच्या खरजेलाही तेच चोळत. घरात आता ते कुणी करत नाही. शेंगा पडतात आणि कुजतात. मी एप्रिलमधल्या चार रविवारी त्या वेचल्या. पहिल्या रविवारी एकटा होतो. दुसऱ्या रविवारी भाऊ आला, काही न बोलता वेचू लागला. चाळीस किलो शेंगा झाल्या, फोडून अठरा किलो बी. दोन घाणेवाल्यांनी हात जोडले. करंजाचा कडवटपणा पुढच्या शेंगदाण्याच्या तेलाला लागतो म्हणे. पेठ रस्त्यावरच्या तिसऱ्याने घाणा धुवायच्या दिवशी काढून दिले. साडेचार लिटर तेल आणि एक पोते पेंड. पेंड भावाने द्राक्षांच्या मुळाशी घातली. ती खत म्हणून तर चांगलीच, किडीलाही आवरते.

रसायनशास्त्राच्या सरांनी दोन विद्यार्थ्यांना कामाला लावले. करंजाच्या तेलात आम्लता जास्त, म्हणून आधी ती उतरवावी लागली, मग दुसरी प्रक्रिया. तीन दिवस त्यांची प्रयोगशाळा गोठ्यासारखी वासत होती. शेवटी मधाच्या रंगाचे चार लिटर बायोडिझेल आणि तळाशी काळसर ग्लिसरिन निघाले. सरांनी त्याची जमेल ती तपासणी केली, कागदावर आकडे लिहिले, खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, "हा जपून ठेवा. पाटीपेक्षा बरा."

ते पिकअपमध्ये घालायचा प्रश्नच नव्हता. विहिरीवर नानांच्या काळातले संथ गतीचे जुने इंजिन आहे. वीज आल्यापासून ते पडून होते. भावाने ते दोन दिवस खोलून साफ केले. मग लिटरभर ओतले आणि हँडल मारले. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा एक उचकी. तिसऱ्यांदा ते धडधडत सुरू झाले, आणि पाइपातून पाण्याची पहिली गुळणी पाटात पडली. धुराला गोठ्यातल्या दिव्याचा वास होता. आई घरातून बाहेर आली आणि पदराने नाक झाकून, पण तिथेच, उभी राहिली.

इंजिन बंद केल्यावर भावाने हिशेब केला. पिकअप लिटरला बारा किलोमीटर जाते. चार लिटरमध्ये अठ्ठेचाळीस. गाव ते पिंपळगाव जाऊन-येऊन चव्वेचाळीस. तो करंजांकडे बघत म्हणाला, "म्हणजे ही दोन्ही झाडं मिळून वर्षातून एकदा पिंपळगावला जाऊन येतात."

एक कोटी हेक्टरांचा अहवाल, तीन धोरणे आणि माझी दोन वेळची संमती यांच्यावरचे यापेक्षा चांगले भाष्य मी वाचलेले नाही. झाडाने काय दिले आणि गाडीने काय खाल्ले, यांना त्याने एकाच मापाने मोजले. नानांच्या पाकिटातल्या एकाही कात्रणाने एवढे केले नव्हते, मीही नाही.

आता मला त्या मुलीला सांगता येईल, की हो, असे गुऱ्हाळ घातले जाते. पण दोष एरंडाचा नसतो. एरंड आपल्या गुणाने एरंडच असतो, त्याचे तेलही खरे असते. त्याला ऊस म्हणणारा कुणीतरी लागतो, आणि तो बहुधा शिकलेला असतो. शब्द चांगला वाटला म्हणून वस्तू चांगली मानणे हा आमच्या व्यवसायाचा रोग आहे. त्याची किंमत मात्र चुलाणापाशी बसलेल्याला द्यावी लागते. शब्द देणाऱ्याचा पगार एक तारखेला होतोच. त्या अठ्ठेचाळीस हजारांतले निम्मे मी दिले. भावाने घेतले, फार आढेवेढे न घेता. ते मला बरे वाटले.

मागच्या हंगामात त्याचा पुन्हा फोन आला. कुठल्याशा औषधाच्या बाटलीवर 'संपूर्ण सेंद्रिय' असे लिहिले होते, आणि दुकानदार चार हजार सांगत होता. "दादा, घेऊ का?"

'सेंद्रिय' हा शब्दही मोठा चांगला आहे. त्याच्या व्युत्पत्तीवर मला पाऊण तास बोलता येईल.

मी म्हणालो, "मला माहीत नाही. बाटलीच्या मागचा बारीक मजकूर पाठव. विचारून सांगतो."

तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "बरं." आणि मजकुराचे छायाचित्र आले. मी ते घेऊन चार खोल्या चालत गेलो.